विचारसरणीमागचा अंधार ओळखण्याची माझी रीत

छापखान्यात मी तीस वर्षं प्रुफं वाचली. निवडणुका आल्या की सगळ्या पक्षांचे जाहीरनामे माझ्याच टेबलावर यायचे. मजकूर पटो न पटो, मुद्रितशोधकाची नजर काना-मात्रेवर असते. तशा कोरड्या नजरेनं वाचतानाही एखादा परिच्छेद असा यायचा की अंगात ऊब चढायची. कुणाचा तरी नायनाट होणार आणि आपण तो बघणार, याची ऊब. गंमत म्हणजे एकमेकांच्या नरड्याला हात घालणाऱ्या दोन पक्षांच्या कागदांतून ती सारखीच चढायची.

मी साधना करणारा माणूस आहे. माणसाच्या मनापलीकडेही काही शक्ती आहेत आणि त्यातल्या काळ्या शक्तींना विचारसरणी हे वाहन म्हणून फार सोयीचं पडतं, असं मी मानतो. तुम्ही मानत नसाल तर षड्रिपू म्हणा. रीत तीच राहते.

पहिला कागद आपल्या बाजूचा घ्यायचा. हे टाळलंत तर पुढचं काही करू नका, कारण समोरच्याचा असुर कुणालाही दिसतो. तुम्हाला मनापासून पटलेलं भाषण किंवा पुढे पाठवावासा वाटलेला मजकूर कागदावर उतरवा. त्यातलं शत्रूचं नाव खोडून तिथे तुमच्याच माणसांचं नाव घाला आणि मोठ्यानं वाचा. धोरणावरची टीका असेल तर नाव बदलूनही ती टीकाच राहते, फक्त झोंबते. दुसरं काही असेल तर जीभ अडखळते. माझी अडखळली आहे, आणि ज्यांना मी आयुष्यभर मत दिलं त्यांच्याच पत्रकावर.

मग लाल पेन घेऊन माणसाला माणूस न म्हणणारे शब्द शोधा. किडे, वाळवी, रोग, घाण. आफ्रिकेतल्या रवांडात एक रेडिओ केंद्र 1993 पासून तुत्सी जमातीच्या लोकांना झुरळं म्हणत होतं, गाणी आणि थट्टामस्करीच्या मध्ये. एप्रिल 1994 मध्ये कत्तल सुरू झाली आणि साधारण शंभर दिवसांत अंदाजे आठ लाख माणसं मारली गेली. झुरळ मारायला कुणाला रागसुद्धा यावा लागत नाही, म्हणून तो शब्द आधी येतो.

दुसरी खूण म्हणजे आकडा. सोव्हिएत गुप्त पोलिसांचा 30 जुलै 1937 चा एक आदेश आहे. कोणत्या प्रांतात किती जणांना गोळ्या घालायच्या आणि किती जणांना छावणीत धाडायचं, हे त्यात आधीच ठरवलेलं होतं. गुन्हे आणि गुन्हेगार नंतर शोधायचे. पुढे खालचे अधिकारी आकडा वाढवून मागू लागले. या गोष्टीपाशी मी कित्येकदा थांबलो आहे. त्यातले बहुतेक जण टेबलाशी बसून याद्या करणारे, माझ्यासारखे कागदी कामाचे लोक असणार. काळ्या शक्तीला शिंगं लागत नाहीत, टिपणी लिहिणारा कारकून पुरतो.

आता समास. प्रत्येक परिच्छेदाशेजारी, तो वाचताना तुमच्यातला कोणता रिपू जागा झाला ते लिहा. तीन आठवडे रोज एक कागद, जास्त नको. क्रोध लगेच सापडेल, लोभही. मोह थोडा उशिरा. माझ्या वहीत पहिल्या आठवड्यात 'मद' एकदाही नव्हता. बायकोनं वही चाळली आणि म्हणाली, "जे सगळ्यांत जास्त आहे तेच लिहायचं राहिलंय." मद आणि मत्सर ज्याचे त्याला दिसत नाहीत. म्हणून वही घरातल्या एका स्पष्टवक्त्या माणसाला दाखवायचीच.

त्यानंतर दहा मिनिटं शांत बसा. चढलेली ऊब छातीत आहे की जबड्यात, तेवढंच बघा. तिच्याशी वाद नको, तिला हाकलायला मंत्रही नको. उठताना मी पसायदानातली एकच ओळ म्हणतो, खळांची व्यंकटी सांडो. खळ जावोत असं तिथे मागितलेलं नाही, जायचा आहे तो वाकडेपणा. आणि म्हणताना आधी स्वतःचं नाव घेतो.

बसून झालं की कामाला लागा. मत द्या, पत्र लिहा, विरोध करा. अरविंद घोष 1910 मध्ये राजकारण सोडून पाँडिचेरीला गेले. नाझींच्या मागे त्यांना आसुरी शक्ती दिसत होती. पण तेवढ्यावर न थांबता 1940 मध्ये त्यांनी दोस्तराष्ट्रांना उघड पाठिंबा दिला आणि युद्धनिधीला पैसे पाठवले. ज्या ब्रिटिशांविरुद्ध ते लढले होते, त्यांच्याच बाजूनं. पुष्कळांना ते रुचलं नाही.

दोन पथ्यं आहेत. सगळीकडे शक्ती दिसू लागल्या, आवाज ऐकू येऊ लागले, झोप उडाली, तर वही बंद करून डॉक्टरांकडे जा. त्यात कमीपणा नाही.

दुसरं, हे शास्त्र कुणाच्या तोंडावर वापरू नका. मी वापरलं. जेवणाच्या ताटावर मेहुण्याला म्हणालो, "तुझ्या पक्षामागे असुर आहे." तो उठून गेला आणि दोन वर्षं बोलला नाही. एखाद्याला सैतानाचा हस्तक ठरवून जाळणाऱ्यांनीही असंच, अगदी खात्रीनं म्हटलं असेल. शेवटी मी त्याला माझी वही पाठवली, माझ्याच बाजूच्या कागदांची.

गेल्या महिन्यात त्याचं पाकीट आलं. आत माझंच एक छापून आलेलं वाचकपत्र होतं, समासात पेन्सिलीनं चार ठिकाणी 'म' लिहिलेला. मी फोन करून विचारलं, "मोह, मद की मत्सर?"

"ते तुम्ही ठरवा, दाजी," तो म्हणाला. "प्रुफं तुम्ही वाचता."