कोजागिरीसाठी प्लायवुडची भुतं: छपरीत टांगायचं घुबड, वटवाघूळ अन् हडळ

कोजागिरीला आमच्या आंगणात गल्लीतले सगळे पोट्टे जमतात, भुलाबाईची गाणी झाली की दूध आटेपर्यंत भुताच्या गोष्टी सुरू, म्हणून मागच्या साली छपरीत टांगायला प्लायवुडची भुतं केली, एक घुबड, तीन वटवाघळं अन् मधात उलट्या पायाची हडळ. कसं केलं ते जो तो विचारते, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

प्लाय ३ एमएमचा घ्या, तीन थराचा. जाड घेतला तर कापता कापता हात भरून येते अन् टांगल्यावर हवेनं हलतही नाही. पूर्ण शीट कशाला, सुताराकडे तुकडे पडूनच असतात.

आकार कागदावर काढा अन् कार्बननं प्लायवर उतरवा, पण आधी वरच्या थराचे रेषे कोणीकडे जातात ते पाहा. वरचा अन् खालचा थर एकाच दिशेचा असते, मधला आडवा, म्हणून जे लांब-बारीक आहे, घुबडाचे कान, हडळीचे पाय, ते रेषांच्या लांबीत आलं पाहिजे. मी हे पाहिलंच नाही, पहिल्या घुबडाचा एक कान घासता घासता कटकन मोडला, मंग दुसरा मीच कापला अन् पोट्ट्यांना सांगितलं हा पिंगळा आहे, याला कान नसतातच!

कापायला फ्रेटसॉ, म्हणजे कमानीत बारीक पातं ताणलेली हातआरी. पात्याचे दाते खाली हँडलकडे पाहिजे अन् पातं एवढं ताणलेलं की बोटानं छेडलं तर टिंग वाजते, ढिलं असलं की वळणावर भरकटते. आरी जागेवरच वर-खाली चालवायची, फिरवायचा तो प्लाय. डोळ्यांची भोकं आधी, म्हणजे ड्रिलनं बारीक छिद्र पाडायचं, पातं एका टोकानं सोडून त्यातून घालायचं, परत ताणायचं, बाहेरचा आकार नंतर. उलटं केलं तर धरायला लाकूडच राहत नाही. पाती मोडतातच, डझनभर आणून ठेवा.

मंग १२० नंबरचा पॉलिश पेपर, वरून २२०, अन् भुसा नाकात जाते म्हणून हे आंगणातच. कडा रंग लई पितात, त्यांना आधी पाणी घातलेल्या फेविकॉलचा एक हात द्या. रंग ब्लॅकबोर्ड पेंट, चमक नसलेला. हडळीची एक बाजू काळी अन् दुसरी पांढरी ठेवली, ती फिरली की अंधारात गायब होते अन् परत येते. दात, रक्त, लाल जीभ वगैरे काही काढू नका, त्यानं ते जत्रेतलं खेळणं वाटते. फक्त घुबडाच्या डोळ्याच्या भोकांमागून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावतात ते लाल रेडियम चिकटवा.

आता तोल, सगळी गंमत इथंच आहे. बांबूची ३० सेंटीमीटरची कमची घ्या, दोन टोकांना दोन आकार तंगुसानं, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोऱ्यानं, बांधा अन् टांगायचा दोरा ढिल्या गाठीनं सरकवत पाहा. जुवाला एक बैल तगडा अन् दुसरा कमजोर असला की ओढायची जागा तगड्याकडे सरकवतात ना, तसंच. घुबड २० ग्रॅमचं अन् वटवाघूळ १० ग्रॅमचं असेल तर दोरा घुबडापासून १० सेंटीमीटरवर येते, कमचीच्या वजनानं थोडा इकडेतिकडे. नेहमी सगळ्यात खालच्या कमचीपासून सुरू करा अन् तिला वरच्या कमचीच्या एका टोकाला बांधा, वरून सुरू केलं तर खालचं एक जोडताच वरचं सगळं बिघडते. तोल जमला की गाठीवर फेविकॉलचा थेंब.

टांगायचं एकाच दोऱ्यानं, फॅनपासून दूर. खाली जमिनीवर झिरोचा बल्ब ठेवला की भिंतीवर सावल्या माणसाएवढ्या होतात. रेडियम मात्र नुसत्या बल्बनं चमकत नाही, टॉर्च आपल्या डोळ्याजवळ धरून मारावा लागते, किंवा समोरून गाडी यावी लागते. आमच्या मामानं त्या रात्री मोटरसायकल फाटकातून आत घेतली अन् हेडलाइटमध्ये ते दोन डोळे दिसताच गाडी तिथंच बंद पाडली, दूध प्यायलाही छपरीत आले नाही.

काम झालं की एकेक तुकडा त्याच्या तंगुसासकट पेपरात वेगळा गुंडाळून माळ्यावर सपाट ठेवा, नाहीतर तंगूस असा गुंतते की कापूनच काढावा लागते अन् तोल पुन्हा पहिल्यापासून.