पंधरात नाव आलं, अकरात नाही: पहिला रणजी हंगाम कसा काढायचा

रणजीच्या संघात पहिल्यांदा नाव आलं की घरी पेढे वाटले जातात. मग सामन्याच्या सकाळी कळतं की आपल्याला पाणी न्यायचं आहे. मी राज्याकडून मध्यमगती गोलंदाजी केली, आता मुलांना शिकवतो. "सर, खेळवतच नाहीत हो," असा फोन दर हंगामात येतो. त्याला जे सांगतो तेच इथे लिहितोय. मुख्यतः वेगवान गोलंदाजांसाठी, कारण बाहेर बसण्याचा फटका त्यांनाच जास्त बसतो.

आधी स्वतःचे चेंडू मोजायला लाग. अकरातला गोलंदाज चार दिवसांत दोन डाव मिळून सहज तीसेक षटकं टाकतो. तू शून्य. असे तीन सामने गेले आणि चौथ्याच्या सकाळी कुणाची मांडी धरली, तर कर्णधार पहिल्याच दिवशी तुझ्याकडे अठरा षटकं मागणार. शून्यावरून अठरावर घेतलेली उडी शरीराला झेपत नाही. बरगडीखालचा स्नायू तरी जातो, नाहीतर कंबर. कोवळ्या वयात मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं तर अख्खा हंगाम गेला म्हणून समज. म्हणून ट्रेनरला विचारून लंचच्या चाळीस मिनिटांत नेटमध्ये जा, खेळ संपल्यावर पुन्हा जा. रन-अप पूर्ण घ्यायचा, अर्धा नाही. समोर फलंदाज नसला तरी चालतं, एक स्टंप पुरे. मॅनेजरकडून जुना एसजी चेंडू मागून घे. नव्या चेंडूने सगळेच सराव करतात, पण आयत्या वेळी अकरात आलेल्या गोलंदाजाच्या हातात बहुतेक वेळा चाळीस षटकांचा चेंडू येतो. रोज किती टाकले ते वहीत लिही आणि वही फिजिओला दाखव. मोबाइलमध्ये लिहिलेलं कुणी परत उघडून बघत नाही, असं माझं मत आहे.

बदली क्षेत्ररक्षक म्हणून आत गेलास तर गोलंदाजी करता येत नाही, कप्तानीही नाही. यष्टिरक्षण पंचांनी परवानगी दिली तरच. घेतलेला झेल तुझ्या कारकिर्दीच्या आकड्यांत धरत नाहीत, धावफलकावर नुसतं 'सब' लागतं. म्हणून हात सैल सोडू नको, सिलेक्टर आकडा नाही, झेल बघत असतो. नव्या पोराला बहुधा शॉर्ट लेगलाच, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, उभं करतात. हेल्मेट, गार्ड, शिन पॅड पहिल्या चेंडूपासून हाताशी ठेव. हाक आल्यावर बॅग उपसत बसलास की सगळा संघ तुझ्याकडे बघतो. एकनाथ सोलकरांनी 27 कसोटींत 53 झेल घेतले, ते मुख्यतः असल्याच जागी उभं राहून.

ड्रिंक्सबरोबर निरोप नेलास तर जसाच्या तसा पोचव. स्वतःचं मत त्यात मिसळू नको.

2024-25 पासून रणजी दोन टप्प्यांत होते, मध्ये मुश्ताक अली आणि विजय हजारे या मर्यादित षटकांच्या, पांढऱ्या चेंडूच्या स्पर्धा. पांढऱ्या चेंडूच्या संघात नसलास तर त्या काळात मिळेल तो क्लबचा सामना खेळ, लाल चेंडूचा असेल तर उत्तमच.

पैशाचं थोडक्यात: बीसीसीआयने 2021 मध्ये जाहीर केलेल्या दरांप्रमाणे वीसपर्यंत सामने खेळलेल्याला अकरात असताना दिवसाला 40 हजार, राखीव असताना 20 हजार. त्यातून टीडीएस कापला जातो, तेव्हा रिटर्न भरणारा माणूस आधीच गाठून ठेव.

आणि औषधं. 2019 मध्ये पृथ्वी शॉवर आठ महिन्यांची बंदी आली ती टर्ब्युटालीन या प्रतिबंधित द्रव्यामुळे, जे खोकल्याच्या औषधांत सर्रास असतं. डोप चाचणी देशांतर्गत सामन्यांतही होते, आणि "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होत नाही. परगावी रात्री खोकला लागला तर परस्पर केमिस्टकडे जाऊ नको. बाटलीच्या लेबलचा फोटो संघाच्या डॉक्टरांना पाठव, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत वाफ घे.