गंभीर जखमीच्या गुठळ्या विरघळतात तेव्हा: कॅज्युअल्टीतल्या या चुका टाळा

टाके घातले, पट्टी आवळली, तरी सुई टोचलेल्या जागेतूनही रक्त झिरपतंय, पेशंट गार पडतोय. अशा वेळी ‘आयएनआर येऊ दे, मग बघू’ म्हणत थांबू नका. गुठळी बनायला किती वेळ लागतो एवढंच आयएनआर ही रक्ततपासणी सांगते. बनलेली गुठळी टिकते का, हे त्यात दिसतच नाही. मोठा मार आणि शॉक एकत्र आले की रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून टीपीए नावाचं प्रथिन सुटतं, त्यामुळे प्लास्मिन तयार होतं आणि ते गुठळीला धरून ठेवणारी फायब्रिनची जाळी तोडत सुटतं. यालाच हायपरफायब्रिनोलायसिस म्हणतात. डी-डायमर या रक्तातल्या फायब्रिनच्या तुकड्यांच्या तपासणीवरही भिस्त नको, मोठ्या मारानंतर तो बहुतेकांचा वाढलेलाच असतो. गुठळी बनताना आणि विरघळताना दाखवणारं टीईजी किंवा रोटेम मशीन असेल तर खरं चित्र कळतं. पण ते मशीन नाही म्हणून औषध अडवून ठेवायचं नाही.

औषध म्हणजे गुठळी विरघळू न देणारं ट्रॅनेक्सामिक ॲसिड. पाळीच्या जास्त रक्तस्रावासाठी गोळीच्या रूपात देतात तेच. इथे ते शिरेतून द्यायचं: १ ग्रॅम १० मिनिटांत, मग १ ग्रॅम ८ तासांत. घाईत एकदम ढकललं तर बीपी पडतं.

सगळ्यात महागात पडते ती वेळेची चूक. क्रॅश-२ या चाचणीत ४० देशांतले २० हजारांहून जास्त जखमी होते, निकाल २०१० साली आला. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांमध्ये रक्तस्रावाने मृत्यू ५.३ टक्के, न मिळालेल्यांमध्ये ७.७. तीन तासांनंतर मात्र उलटं: ४.४ विरुद्ध ३.१. म्हणजे उशिरा दिलेलं औषध नुसतं वाया जात नाही, घातही करू शकतं.

हे तीन तास अपघातापासून मोजायचे. आपल्याकडे केसपेपरवर ठळक असते ती दाखल झाल्याची वेळ. समजा पाऊण वाजता ट्रकची धडक, दोनला तालुक्याचं रुग्णालय, साडेतीनला तुमचा दरवाजा. पेपर म्हणतो साडेतीन; हातात उरलीत पंधरा मिनिटं, आणि पेशंट निघाला सीटीला! नातेवाइकांना, १०८च्या डॉक्टरांना अपघाताची वेळ आधी विचारा. रेफर करताना चिठ्ठीवर ‘पहिला डोस दिला’ एवढंच नको, किती वाजता तेही लिहा. नाहीतर पुढचा डॉक्टर तोच डोस पुन्हा देतो, किंवा आठ तासांची ड्रिप राहूनच जाते.

औषध दिलं म्हणून रक्त मागवायला वेळ लावू नका. सलाईनच्या बाटल्यामागून बाटल्या चढवल्या तर ज्यापासून फायब्रिन बनतं ते उरलेलं फायब्रिनोजेनही पातळ होतं. रक्त, प्लाझ्मा, गरजेनुसार क्रायो (फायब्रिनोजेन भरपूर असलेला रक्तघटक), कॅल्शियम आणि पेशंटला ऊब, हे सगळं सोबतच चालू हवं. वाहती जागा हाताने दाबून धरणं आणि वेळेत सर्जन बोलावणं याला तर पर्यायच नाही.

आणखी एक, जिवावर बेतणारी चूक. ट्रॅनेक्सामिकची आणि स्पायनलच्या, म्हणजे पाठीत टोचून द्यायच्या भुलेच्या, ब्युपिव्हॅकेनची ॲम्प्यूल सारखी दिसू शकते. अदलाबदल होऊन हे औषध पाठीच्या कण्यात गेल्याने माणसं दगावली आहेत. ते भूलतज्ज्ञाच्या ट्रेपासून लांब, वेगळ्या कप्प्यात ठेवा.