अनेक डॉक्टरांचे उपचार चालू असलेल्या मुलाची एकच फाइल कशी ठेवावी

फिट, दमा किंवा जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलाला घराजवळचे बालरोगतज्ज्ञ एक औषध देतात आणि पुण्यातील किंवा हैदराबादमधील तज्ज्ञ दुसरे. त्या दोघांची गाठ सहसा पडत नाही, त्यामुळे एकाने लिहिलेले दुसऱ्यापर्यंत पोहोचवण्याचे काम आई-वडिलांकडेच येते. त्यासाठी मुलाची एकच फाइल करावी आणि प्रत्येक डॉक्टरांसमोर तीच उघडावी.

पहिल्या पानावर जन्मतारीख, तारखेसह वजन, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते आणि चालू औषधे लिहावीत. औषधाचे केवळ बाजारातील नाव लिहून भागत नाही, आतील घटक आणि त्याचे प्रमाणही लिहावे. माझ्या मुलीला ताप असताना दोन डॉक्टरांनी दिलेल्या दोन बाटल्या आम्ही दिवसभर आलटून-पालटून दिल्या, आणि दोन्हींत पॅरासिटामॉलच आहे हे मेडिकलवाल्यांनी त्यांवरील बारीक अक्षरे बोट ठेवून दाखवली तेव्हा आम्हाला कळले. लहान बाळांच्या थेंबांच्या बाटलीत साधारणपणे 1 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम, तर सिरपच्या 5 मिलिलिटरमध्ये 120 किंवा 250 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. म्हणून ‘एक चमचा’ एवढेच लिहिणे धोक्याचे आहे. सोलापुरातील अनेक घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते आणि आई-वडील कामावर गेल्यावर औषध आजीच्या हातून दिले जाते, तेव्हा वेळापत्रक आजीला वाचता येईल अशा लिपीत लिहून कपाटाच्या दारावर चिकटवावे.

तज्ज्ञांकडे जाण्याआधी आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून चिठ्ठी घ्यावी व तीत नेमके काय विचारायचे आहे ते लिहून मागावे. तेथून निघताना कोणते औषध नवीन सुरू झाले, कोणते बंद झाले, साधा ताप-खोकला आल्यास कोणाकडे जायचे आणि कोणत्या लक्षणांत थांबायचे नाही, हे लेखी मागण्यास संकोच करू नये. माझ्या मते ‘बंद केलेले औषध’ ही नोंद सर्वांत महत्त्वाची आहे, कारण जुनी चिठ्ठी दाखवून तेच औषध पुन्हा आणले जाते. परतल्यावर त्याच आठवड्यात हे कागद बालरोगतज्ज्ञांना दाखवावेत आणि राहिलेल्या लसी केव्हा द्यायच्या तेही विचारावे.

खर्चाची अडचण असल्यास अंगणवाडीत किंवा शाळेत चौकशी करावी. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करते, आणि 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना पुढील उपचारांसाठी पाठवते. त्या पथकालाही हीच फाइल दाखवावी.

फाइल कपाटात कुलपात न ठेवता दाराजवळच्या पिशवीत ठेवावी. फिट आल्यास मुलाला लगेच कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन करावा, आणि रुग्णवाहिका आल्यावर तीच पिशवी उचलावी.