टायमर चालू, पण पिनवर सरळ रेघ

जून-जुलैत मासेमारी बंद असते, ट्रॉलर गोव्यातल्या कुटबणच्या जेटीला बांधलेले असतात. १ ऑगस्टला ते पुन्हा समुद्रात जायच्या आत एका केबिनमधल्या नकाशाच्या पडद्याचा उजेड कमी करता यायला हवा होता. रात्री पडदा झगझगीत राहिला तर तांडेलाला काचेपलीकडचं काही दिसत नाही.

त्याच्या बोर्डावर रेनेसासची तिसऱ्या पिढीची आर-कार चिप होती आणि बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, तिच्या टीपीयू या टायमरला जोडलेला. पीडब्ल्यूएम, म्हणजे भराभर चालू-बंद होऊन उजेड कमी-जास्त करणारा सिग्नल, सुरू आहे असं लिनक्स सांगत होतं, पण फोंड्यात माझ्या टेबलावरच्या ऑसिलोस्कोपवर सरळ रेघ. चिपची कोणती पिन कोणतं काम करेल हे लिनक्स कर्नलमधला पिनकंट्रोल ड्रायव्हर ठरवतो. आमच्या कर्नलच्या त्या ड्रायव्हरमध्ये टीपीयूच्या आउटपुटचे ग्रुपच, म्हणजे एकत्र निवडायच्या पिनांचे गटच, नव्हते. तुमचंही असं झालं असेल तर ते असे घाला.

आधी हार्डवेअर मॅन्युअल आणि बोर्डाचा सर्किट नकाशा शेजारी ठेवा. पिन जीपीआयओ (साधी इनपुट-आउटपुट पिन) म्हणून राहणार की चिपच्या आतल्या टीपीयूसारख्या ब्लॉकला मिळणार, हे जीपीएसआर या रजिस्टरमधला एक बिट ठरवतो. कोणत्या ब्लॉकला, हे आयपीएसआर या रजिस्टरमधलं चार बिटांचं फील्ड ठरवतं. काही सिग्नल दोन ठिकाणी निघतात, त्यांच्या नावापुढे ए किंवा बी असतं आणि निवड मॉड-सेल रजिस्टरमध्ये होते. त्याच मालिकेतल्या भावंड चिपची ड्रायव्हर फाइल उचलून चिकटवू नका. नावं तीच असली तरी पिन वेगळ्या असू शकतात. रजिस्टर हाताने लिहून खात्री करायची असेल तर आधी लिहायच्या किमतीचे सगळे बिट उलटवून पीएमएमआर या संरक्षक रजिस्टरमध्ये लिहा, नाहीतर लेखन वाया जातं. ड्रायव्हर हे स्वतः करतो.

मग ड्रायव्हरमध्ये प्रत्येक आउटपुटसाठी दोन अ‍ॅरे लिहा, एक पिनचा, एक मार्कचा (मार्क म्हणजे त्या पिनेवरच्या सिग्नलचं ड्रायव्हरमधलं नाव). त्यांचा ग्रुप करा, ग्रुपचं नाव फंक्शनच्या (इथे टीपीयूच्या) यादीत घाला आणि ते फंक्शन ड्रायव्हरमधल्या फंक्शनांच्या तक्त्यात. ग्रुप यादीत राहून गेला तर कर्नल 'इनव्हॅलिड ग्रुप' म्हणतो, फंक्शन राहून गेलं तर 'इनव्हॅलिड फंक्शन'.

टीपीयूची आउटपुटं चार आहेत. चारही एका ग्रुपमध्ये कोंबू नका, हे मी आग्रहाने सांगतो. आमच्या बोर्डाला एकच हवं होतं. सगळी एकत्र असती तर बाकीच्या तीन पिनाही अडकल्या असत्या, आणि त्यातल्या एकीवर आमचं बटण आहे.

डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावरचं हार्डवेअर कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये, पीएफसीच्या (पिनांचं काम ठरवणाऱ्या ब्लॉकच्या) नोडखाली ग्रुप आणि फंक्शन लिहा, टीपीयूच्या नोडमध्ये त्याला 'डिफॉल्ट' या नावाने जोडा. ड्रायव्हरचा प्रोब होण्याआधीच, म्हणजे तो सुरू होण्याआधीच, कर्नल ही स्थिती लावतो, त्यामुळे पीडब्ल्यूएम ड्रायव्हरला हात लावावा लागत नाही.

बूट झाल्यावर डीबगएफएसमधली (कर्नलच्या तपासणीच्या फाइलींमधली) 'पिनमक्स-पिन्स' फाइल वाचा. पिनेसमोर टीपीयूचं नाव दिसलं की सिसएफएसमधून, म्हणजे कर्नलच्या सेटिंगच्या फाइलींमधून, पीडब्ल्यूएमचा चॅनल एक्सपोर्ट करा. आधी पीरियड (एका आवर्तनाचा वेळ) १०,००,००० नॅनोसेकंद, मग ड्युटी (त्यातला सिग्नल वर असण्याचा वेळ) २,५०,०००, शेवटी एनेबल. पीरियडआधी ड्युटी लिहिली तर कर्नल ती नाकारतो. स्कोपवर १ किलोहर्ट्झची, पाव भाग वर असलेली चौकोनी लाट दिसली पाहिजे.

आमच्याकडे लाट बरोबर आली, पण ड्युटी वाढवली की पडदा अंधारायचा. मधला ट्रान्झिस्टर सिग्नल उलटा करत होता. बॅकलाइटच्या नोडमध्ये पीडब्ल्यूएमच्या संदर्भात चॅनल आणि पीरियडनंतर येणारी तिसरी किंमत पोलॅरिटीची, म्हणजे सिग्नल सुलटा की उलटा याची, असते, ती 'इन्व्हर्टेड' केली.