परदेशी बास्केटबॉल संघाचा ऑस्ट्रेलियातील प्रदर्शनीय सामना : पारखावा कसा, पाहावा कसा

परदेशातील एखादा व्यावसायिक बास्केटबॉल संघ ऑस्ट्रेलियात प्रदर्शनीय सामना खेळणार अशी घोषणा झाली की दोन टोकाची मते लगेच ऐकू येतात. एका बाजूला जन्मात एकदा मिळणारी संधी म्हणून तिकिटांवर तुटून पडणारे लोक असतात, तर दुसऱ्या बाजूला हा निव्वळ पैसा गोळा करण्याचा उद्योग आहे असे म्हणून पाठ फिरवणारे. मेलबर्न किंवा सिडनीत राहणाऱ्या आणि शनिवारी सकाळी मुलांना क्लबच्या सामन्यांना घेऊन जाणाऱ्या मराठी पालकांना यांपैकी कोणतेच टोक उपयोगाचे नाही. असे सामने व्हावेत असे माझे स्पष्ट मत आहे, परंतु प्रत्येक सामना सारख्याच योग्यतेचा नसतो आणि तो कोणत्या योग्यतेचा आहे हे तिकीट काढण्यापूर्वीच बरेचसे ओळखता येते. त्यासाठी पाहुणे कोण आहेत यापेक्षा सामना कोणाविरुद्ध, केव्हा आणि कोणत्या जागी आहे हे प्रश्न आधी विचारावेत.

प्रतिस्पर्धी कोण ते पाहा

सर्वात आधी समोरचा संघ ऑस्ट्रेलियाचा आहे की नाही ते पाहावे. ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय लीग, म्हणजे एनबीएल, १९७९ पासून चालू आहे आणि तिचा दर्जा आता असा आहे की तिच्यातून थेट एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये जाण्याची वाट तरुण खेळाडूंनी मळवून टाकली आहे. लामेलो बॉल इलावारा हॉक्सकडून खेळून गेला, जॉश गिडी अ‍ॅडलेड थर्टीसिक्सर्सकडून. अशा देशात दोन परदेशी संघांनी येऊन आपापसांत खेळून जावे यात यजमानाला केवळ सभागृहाचे भाडे मिळते. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज हे एनबीएचे संघ आपापसांत दोन सामने खेळले तेव्हा परिस्थिती वेगळी होती, कारण त्यांच्यासमोर उभा राहू शकेल असा व्यावसायिक क्लब भारतात नव्हता. पहिला सामना शाळकरी मुलांसाठी राखून ठेवण्याचा तेथील निर्णय म्हणूनच योग्य ठरला. (किंग्जचे मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे, त्यामुळे त्या दौऱ्याला माहेरपणाचाही थोडा रंग होता.) मुंबईला शोभलेला तो नमुना ऑस्ट्रेलियाला मात्र शोभणारा नाही.

स्थानिक क्लबाविरुद्धचा सामना का महत्त्वाचा, हे समजण्यासाठी उलट दिशेची वाहतूक पाहावी. २०१७ पासून एनबीएलचे क्लब हंगामपूर्व सामन्यांसाठी अमेरिकेत जात आहेत. त्याच वर्षी मेलबर्न युनायटेडचा संघ एनबीएच्या ओक्लाहोमा सिटी थंडरकडून केवळ एका गुणाने हरला, आणि २ ऑक्टोबर २०२२ रोजी अ‍ॅडलेड थर्टीसिक्सर्सने फीनिक्स सन्सला त्यांच्याच घरी १३४–१२४ असे हरवले. त्या रात्री अ‍ॅडलेडने २४ थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून टाकलेले तीन गुणांचे बास्केट, टाकले आणि क्रेग रँडल या एकट्या खेळाडूने ३५ गुण केले. इतकी वर्षे ऑस्ट्रेलियन क्लब पाहुणे म्हणून परक्या प्रेक्षकांसमोर खेळत राहिले, मग परतीची भेट स्वतःच्या प्रेक्षकांसमोर व्हावी ही अपेक्षा रास्तच होती. ती पुरी होण्यासाठी ऑक्टोबर २०२५ उजाडावा लागला. त्या वेळी न्यू ऑर्लिन्स पेलिकन्सचा संघ मेलबर्नच्या रॉड लेव्हर अरीनात आधी मेलबर्न युनायटेडशी आणि नंतर साउथ ईस्ट मेलबर्न फीनिक्सशी खेळला. दोन्ही सामने पाहुण्यांनी जिंकले, परंतु एनबीएचा संघ ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर खेळण्याची ती पहिलीच वेळ होती आणि दोन्ही दिवशी समोर मेलबर्नचाच संघ होता, ही या आखणीतली सर्वात चांगली गोष्ट.

तारीख काय सांगते

तारखेवरून सामन्याच्या गांभीर्याचा अंदाज येतो. एनबीएचा हंगाम ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होतो, तर एनबीएलचा हंगाम सप्टेंबरातच सुरू झालेला असतो. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी सहसा फुटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, अंतिम सामना असतो आणि त्या आठवड्यात मेलबर्नमध्ये दुसऱ्या कोणत्याही खेळाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. त्यामुळे व्यवहारात ऑक्टोबरचा पहिला आठवडा एवढीच फट उरते. या फटीचा एक फायदा असा की यजमान संघाचे हातपाय मोकळे झालेले असतात आणि पाहुण्यांच्या अंगात अजून सुट्टीचा आळस असतो, त्यामुळे सामन्यात चुरस राहण्याची शक्यता वाढते. तोटाही आहेच. ज्या सामन्याचे गुण कोणत्याही तक्त्यात जमा होत नाहीत त्यात स्थानिक संघाचा मुख्य खेळाडू जखमी झाला, तर त्याची किंमत क्लबला पुढचे कित्येक आठवडे मोजावी लागते.

ऑगस्टमधील सामना बहुधा राष्ट्रीय संघांचा असतो, तोही विश्वचषक किंवा ऑलिंपिकच्या तयारीचा, आणि त्यातली लढत अधिक खरी असते. २४ ऑगस्ट २०१९ रोजी मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाच्या बूमर्सनी अमेरिकेला ९८–९४ असे हरवले, तो ऑस्ट्रेलियाचा अमेरिकेवरचा पहिलाच विजय होता. पॅटी मिल्सने त्यात ३० गुण केले, आणि मौज अशी की अमेरिकेच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून बसलेले ग्रेग पॉपोविच हे सॅन अँटोनियो स्पर्समध्ये त्याचेच प्रशिक्षक होते. सराव सामन्याला काही अर्थ नसतो असे म्हणणाऱ्यांनी पुढे काय झाले तेही लक्षात घ्यावे : पुढच्याच महिन्यात चीनमध्ये झालेल्या विश्वचषकात अमेरिका सातव्या स्थानावर घसरली आणि ऑस्ट्रेलिया चौथा आला.

जागा : येथे घाई करू नये

याच २०१९ च्या मालिकेने जागेचा धडाही घालून दिला. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका यांच्यातले त्या मालिकेचे दोन सामने मार्व्हल स्टेडियमवर झाले. पहिल्याला ५१,२१८ आणि दुसऱ्याला ५२,०७९ प्रेक्षक आले, ऑस्ट्रेलियात बास्केटबॉलला एवढी गर्दी त्यापूर्वी कधी झाली नव्हती. परंतु मार्व्हल हे मुळात फुटीचे मैदान आहे. त्याची लांबी सुमारे १६० मीटर, आणि बास्केटबॉलचे कोर्ट असते जेमतेम २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद. मैदानाच्या मधोमध कोर्ट मांडले की कायमच्या, उतरत्या गॅलऱ्या दूर राहतात, आणि मधली मोकळी जागा भरण्यासाठी सपाट जमिनीवर खुर्च्यांच्या रांगा लावाव्या लागतात. त्या रांगांना चढ नसला तर पुढच्याचे डोके हेच मागच्याचे दृश्य होते. भरपूर पैसे मोजून कोर्टाजवळ बसलेल्या अनेकांना नेमका हाच अनुभव आला आणि त्यांनी मोठ्या पडद्यावर सामना पाहिला. दूर वर, स्वस्त गॅलरीत बसलेल्यांना खेळाडू लहान दिसले असतील, पण निदान दहाच्या दहा दिसले.

म्हणून आसन निवडताना कोर्टापासूनचे अंतर दुय्यम मानावे आणि आसनाची उंची व रांगेचा चढ आधी पाहावा. विक्रीच्या नकाशात 'फ्लोअर' असा विभाग दाखवलेला असेल, तर त्या रांगा पायऱ्यांवर आहेत की सपाट जमिनीवर, हे आयोजकांना लेखी विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत त्या विभागाकडे वळू नये. सुमारे १५ हजार आसनांच्या रॉड लेव्हर अरीनासारख्या बंदिस्त सभागृहात वरच्या मजल्यावरूनही खेळ समजतो, आणि माझ्या मते बास्केटबॉलसाठी याहून मोठी जागा घेणे म्हणजे प्रेक्षकाच्या खर्चाने विक्रम करणे होय. आपण बसाल तेथून दोन्ही बास्केट दिसतात का एवढे जरी विचारले, तरी निम्मे काम होते. कोपऱ्यातली, थोडी वरची आसने या दृष्टीने सोयीची असतात, कारण तेथून आक्रमणाची रचना उलगडताना दिसते आणि ती सहसा मध्यरेषेसमोरच्या आसनांहून स्वस्तही मिळतात.

नावावर पैसे लावू नयेत

जाहिरातीत झळकणारा चेहरा कोर्टावर दिसेलच याची हमी कोणीही देत नाही. २०१९ मध्ये तिकिटे विकली गेली तेव्हा जेम्स हार्डन आणि अँथनी डेव्हिस यांच्यासारखी नावे चर्चेत होती. प्रत्यक्षात त्यांच्यासह अनेकांनी विश्वचषकातूनच माघार घेतली आणि मेलबर्नला उतरला तो केम्बा वॉकर, डॉनोव्हन मिचेल, जेसन टेटम यांचा संघ. संघ वाईट मुळीच नव्हता, पण लोकांनी दुसऱ्याच नावांसाठी पैसे दिले होते, त्यामुळे चिडलेल्या प्रेक्षकांच्या तक्रारी थेट ग्राहक आयोगापर्यंत गेल्या.

क्लब संघांच्या बाबतीत ही अनिश्चितता रचनेतच आहे. एनबीएच्या हंगामपूर्व शिबिरात २१ पर्यंत खेळाडू असू शकतात, आणि त्यांतले काही जण हंगाम सुरू होण्यापूर्वीच घरी पाठवले जाणार असतात. प्रशिक्षकाला त्यांना पाहायचे असते आणि कोट्यवधी डॉलरच्या मुख्य खेळाडूला दुखापतीपासून जपायचे असते. साहजिकच ओळखीचे चेहरे पूर्वार्धात दिसतात, सामन्याच्या चार भागांपैकी, म्हणजे क्वार्टरांपैकी, तिसऱ्यात थोडा वेळ येतात आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये गळ्यात टॉवेल टाकून बाकावर बसतात. ज्याला तारे पाहायचे आहेत त्याने म्हणून सामन्याच्या निदान तासभर आधी पोहोचावे. सरावाच्या वेळी तेच खेळाडू एकाच जागेवरून एकामागून एक थ्री-पॉइंटर टाकत असतात, पायांची ठेवण आणि मनगटाची शेवटची झटक स्पष्ट दिसते, आणि क्लबमध्ये खेळणाऱ्या मुलाला त्या वीस मिनिटांत जे मिळते ते सामन्यात मिळेलच असे नाही. चौथ्या क्वार्टरकडेही दुर्लक्ष करू नये, कारण त्या वेळी कोर्टावर असलेल्यांची नोकरी पणाला लागलेली असते आणि ते जीव तोडून खेळतात.

तिकीट आणि पुनर्विक्री

तिकीट अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे, आणि ते कोण आहेत हे सभागृहाच्या संकेतस्थळावरून तपासावे. शोधयंत्रात सर्वात वर येणारा दुवा पुष्कळदा पुनर्विक्रीचा असतो. व्हियागोगो या कंपनीला अशाच दिशाभुलीबद्दल ऑस्ट्रेलियाच्या फेडरल न्यायालयाने २०२० मध्ये ७० लाख डॉलरचा दंड ठोठावला होता. न्यू साउथ वेल्समध्ये मूळ किमतीच्या ११० टक्क्यांहून अधिक दराने तिकीट विकण्यास मनाई आहे, तर व्हिक्टोरियात हीच मर्यादा सरकारने 'प्रमुख' म्हणून घोषित केलेल्या कार्यक्रमांना लागू होते, त्यामुळे आपला सामना त्या यादीत आहे का ते पाहून ठेवावे. सामना रद्द झाल्यास किंवा तारीख बदलल्यास काय होईल, हे तिकिटाच्या अटींत वाचावे. एखादा खेळाडू उतरला नाही म्हणून पैसे परत मिळतील अशी आशा मात्र ठेवू नये.

पाहुण्यांच्या एका महागड्या तिकिटाऐवजी एनबीएलच्या सामन्याला सगळे कुटुंब जाऊ शकते, असा हिशेब काही जण मांडतात आणि तो चुकीचा नाही. ज्या घरात मुलांनी एनबीएलचा किंवा महिलांच्या डब्ल्यूएनबीएलचा एकही सामना प्रत्यक्ष पाहिलेला नाही, त्यांनी सुरुवात तेथूनच करावी असे मी सुचवीन. स्थानिक संघातले चार खेळाडू नावानिशी ठाऊक असले की पाहुण्यांविरुद्धची त्यांची झुंज पाहण्यात कितीतरी अधिक रस येतो.

सामना पाहताना

मुलांना आधीच सांगून ठेवावे की ती शिकलेले नियम आणि त्या दिवशीचे नियम वेगळे असू शकतात. एनबीएलमध्ये दहा मिनिटांची चार क्वार्टर असतात, एनबीएमध्ये बारा मिनिटांची, आणि एनबीए संघाच्या हंगामपूर्व सामन्यात सहसा एनबीएचेच नियम चालतात. थ्री-पॉइंटची रेषा आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बास्केटपासून ६.७५ मीटरवर, तर एनबीएत ७.२४ मीटरवर असते. अर्ध्या मीटरचा हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण यजमानांचे नेमबाज सवयीने जुन्या अंतरावर थांबतात का, हे पहिल्या क्वार्टरमध्ये लक्ष देऊन पाहण्यासारखे असते, कारण तसे थांबून केलेल्या फेकीला तीनऐवजी दोनच गुण मिळतात. खेळाडू बाद होतो तो आंतरराष्ट्रीय नियमांत पाचव्या वैयक्तिक फाउलवर, एनबीएत सहाव्या. रिंगवर आपटून उडालेला चेंडू आंतरराष्ट्रीय नियमांत कोणालाही हात लावून बाहेर काढता येतो, एनबीएत तो बास्केटच्या वर असेपर्यंत लावता येत नाही. स्थानिक उंच खेळाडू नेमके येथेच फसतात.

रॉड लेव्हर अरीनाला जायचे असल्यास गाडी घरी ठेवावी. ७० क्रमांकाची ट्रॅम जवळ थांबते आणि रिचमंड स्थानकावरूनही चालत जाता येते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी व्हिक्टोरियात घड्याळे तासभर पुढे जातात, २०२५ मध्ये पेलिकन्सचा दुसरा सामना बरोबर त्याच दिवशी होता. पुण्यात किंवा नाशकात बसून प्रक्षेपण पाहणाऱ्या आजोबांना वेळ कळवताना शनिवारपर्यंत मेलबर्न भारताच्या साडेचार तास पुढे आणि रविवारपासून साडेपाच तास पुढे असा हिशेब धरावा, नाहीतर त्यांचा पहिला क्वार्टर, म्हणजे मुख्य खेळाडूंचाच भाग, हुकायचा.