कपाशीचं पान ओझोनने खराब झालंय की पाण्याच्या ताणाने, कसं ओळखायचं आणि मग काय करायचं

बडोद्यात राहून ज्यांची शेती करजण, डभोई, शिनोर बाजूला आहे त्यांच्यासाठी खास लिहितोय, कारण दसरा-दिवाळीच्या आसपास कपाशीची पानं तांबूस, ठिपकेदार दिसायला लागली की आपण पान खिशात घालून थेट एग्रोवाल्याकडे जातो आणि तो रसशोषक किडीचं औषध काढून देतो. फवारायच्या आधी जरा थांबा, दहा मिनिटं शेतात बसून पान नीट बघा.

आधी ओझोनचं सांगतो. आकाशात उंचावरचा ओझोनचा थर वेगळा, तो आपल्याला लागतोच. हा जमिनीलगतचा, म्हणजे गाड्या-कारखान्यांचे नायट्रोजन ऑक्साइड आणि पेट्रोल, सॉल्व्हंटच्या वाफा यांच्यावर कडक ऊन पडलं की तयार होणारा, म्हणून तो दुपारी चढतो आणि वाऱ्याबरोबर शहरातून खेड्यात जातो. पावसाळ्यात ढगांमुळे कमी असतो, पण पाऊस गेला आणि ऑक्टोबरचं ऊन तापलं की वाढतो, आणि नेमकी तीच वेळ बोंडं भरायची आणि काळ्या जमिनीतली ओल उतरायची. मोबाइलवर हवा ठीक दिसली म्हणून निर्धास्त राहू नका. आपल्याकडे माणसांसाठी 8 तासांची मर्यादा घनमीटर हवेत 100 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे साधारण 50 पीपीबी (हवेच्या शंभर कोटी भागांत 50 भाग), आणि पिकांचं नुकसान मोजताना 40 पीपीबीच्या वरचा ओझोन हिशोबात धरतात, त्यात कापूस हे संवेदनशील पीक.

आता पान. शेंड्याचं घेऊ नका, खालचं-मधलं जुनं, उन्हात असलेलं घ्या. ओझोनचे ठिपके बारीक, तपकिरी-जांभळट, पानाच्या वरच्या बाजूला आणि शिरांच्या मधल्या जागेत असतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात. सगळ्यात चांगली खूण म्हणजे एका पानावर दुसऱ्याची सावली पडत असेल तर वरचं पान बाजूला करून बघा, सावलीतला भाग बराचसा हिरवा आणि उन्हातला ठिपकेदार असेल तर ओझोनचा संशय पक्का धरा. मग पान उलटं करून भिंगाने बघा, जाळी आणि हलणारे बारीक ठिपके दिसले तर कोळी ही रसशोषक कीड आहे. कडा पिवळ्या-लाल होऊन पान खाली वळलं असेल तर तुडतुडे, त्यांची दर पानाला सरासरी 2 पिल्लं असतील तरच औषधाचा विचार करा. आणि सगळं पानच लाल होत चाललं असेल तर लाल्या, तिथे मॅग्नेशियम-नत्राकडे बघावं लागतं.

पाण्याचा ताण पानापेक्षा शेंड्यावर लवकर कळतो. त्या दिवशी उमललेलं, मुख्य खोडाला लागून असलेलं सगळ्यात वरचं पांढरं फूल शोधा आणि त्याच्या वर शेंड्यापर्यंत किती पेरं आहेत ते मोजा. फुलोऱ्याच्या सुरुवातीला 8-9 असतील तर झाड जोमात आहे, 5 वर आलं की वाढ थांबत आली समजा, आणि हे 5 खूप लवकर आलं तर बहुतेक वेळा पाणी कमी पडतंय.

दोन्ही एकत्र आले की लोक गोंधळतात. ओझोन पानाच्या सूक्ष्म तोंडांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून आत जातो, आणि पाणी कमी पडलं की झाड तीच तोंडं मिटून घेतं, त्यामुळे कोरड्या शेतात ठिपके कमी आणि पाजलेल्या शेतात जास्त दिसू शकतात. कॅलिफोर्नियात 1980च्या दशकात केलेल्या प्रयोगांतही ताणातल्या कपाशीचं ओझोनने होणारं नुकसान कमी दिसलं होतं. पण म्हणून पाणी तोडायचं असा अर्थ कृपा करून काढू नका, कारण ताणानेच पाती (फुलाच्या कळ्या) आणि बोंडं गळतात, ठिपके वाचवून कापूस गमावण्यात काय अर्थ! शिवाय ओझोन मुळांकडे जाणारं अन्न कमी करतो, मुळं तोकडी राहतात, म्हणजे पुढच्या कोरड्या खंडात तेच झाड आधी मान टाकतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच की पाणी थोडं थोडं पण नियमित द्या. वीतभर खोल खणून माती मुठीत दाबा, गोळा होत नसेल तर पाण्याची वेळ झाली. ठिबक असेल तर एकदम जास्त सोडण्यापेक्षा पाळ्या जवळ आणा, नसेल तर कॅनालचं पाणी आलं की एक आड एक सरी भिजवा. महिनाभर कोरडं ठेवून मग शेत तुडुंब भरणं सगळ्यात वाईट, त्याने उभी झाडं एक-दोन दिवसांत अचानक सुकतात, बीटी हायब्रिडमध्ये तर हे फार होतं.

ओझोनवर मारायला बाजारात खात्रीचं औषध नाही, प्रयोगात ईडीयू नावाचं रसायन वापरतात पण ते शेतासाठी नाही, तेव्हा कोणी 'पोल्युशन टॉनिक' म्हणून बाटली दिली तर घेऊ नका. पुढच्या वर्षी बी घेताना मात्र शेजारच्या शेतात कुठल्या जातीवर ठिपके कमी होते ते विचारून घ्या, जातीजातीत फरक असतो. आणि वेचणी संपली की पऱ्हाट्या पेटवू नका, त्या धुरातून ओझोन बनवणारे वायूच हवेत जातात, श्रेडर भाड्याने आणून कुट्टी करा, गुलाबी बोंडअळीचाही बंदोबस्त होतो.